न बोलण्याचा पुरावा

राज्य सरकारने सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हा आम्ही त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि गावोगाव वाचायला घेतल्या. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात आमची छोटी संस्था वाळीत टाकलेल्या कुटुंबांसोबत काम करते. माझ्याकडे मुख्यतः अर्ज लिहायचं काम. तहसीलदारांना, पोलीस ठाण्याला, जिल्हाधिकाऱ्यांना, कधी महिला आयोगाला. अर्ज लिहिता लिहिता एक गोष्ट पुरती कळून चुकली होती. माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा छळ समोर बसून सांगितला जात होता आणि तो कुठल्या कलमाखाली लिहायचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून त्या मसुद्याकडे आम्ही सगळे आशेने पाहत होतो.

आमच्याकडे वाळीत टाकते ती गावकी. गावकी म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. गावकी ही मुळात वाईट गोष्ट नाही. पायवाट वाहून गेली की श्रमदानाने तीच बांधते. नळयोजनेची वर्गणी, ग्रामदेवतेचा उत्सव, शिमग्याची पालखी, मयताचं सरण, लग्नातली भांडी, सगळं गावकीच्या हातून होतं. पन्नास-साठ घरांच्या डोंगरी वाडीत सरकार क्वचितच पोचतं. तिथे गावकी हाच आधार. आणि म्हणूनच ती एखाद्या घराकडे पाठ फिरवते, तेव्हा त्या घराला जायला दुसरी जागा उरत नाही. शहरात शेजारी बोलला नाही तर आपण दुसऱ्या मजल्यावरच्यांशी बोलतो. वाडीत दुसरा मजला नसतो.

कारणं काय असतात? देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला. वाटेच्या वादात कोर्टात गेले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला. मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं. वाळीत टाकलेल्या चुलत भावाच्या घरी चहा प्यायला. हे शेवटचं कारण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं, आणि बहिष्काराची खरी यंत्रणा त्यातच दडलेली आहे. एका घराला वाळीत टाकायला फार ताकद लागत नाही. त्या घराशी बोलेल त्याला दंड, एवढा नियम पुरतो. मग बाकीची घरं एकमेकांवर नजर ठेवतात.

पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलं की प्रश्न ठरलेले असत. कुणी मारलं का? शिवी दिली का? घरात घुसलं का? पाणी तोडलं का? सगळ्याला उत्तर ‘नाही’. ‘मग ताई, गुन्हा कोणता नोंदवू? कुणी बोलत नाही हा काय गुन्हा झाला?’ विचारणारा हवालदार दुष्ट नसे. त्याच्या पुस्तकात खरंच कलम नव्हतं. आम्ही भारतीय दंड संहितेतलं जे हाती लागेल ते जोडून पाहायचो. कट, धमकी, खंडणी, दोन गटांत तेढ. खंडणी लावायची तर धमकावून पैसे घेतल्याचं दाखवावं लागे, आणि इथे दंड भरणारा माणूस स्वतःच्या पायांनी देवळात जाऊन, नारळ ठेवून, हात जोडून पैसे भरत असे. वर माफी मागत असे. कागदावर ते सगळं राजीखुशीचं दिसे.

१९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. दोन्हींत बहिष्काराची दखल आहे. पण पहिल्याला अस्पृश्यतेचं कारण लागतं आणि दुसऱ्याला पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत दोन्ही बाजू एकाच जातीच्या, एकाच भावकीच्या, कित्येकदा एकाच आडनावाच्या असत. एका अर्जात फिर्यादी आणि सगळे आरोपी एकाच आडनावाचे होते. ठाणे अंमलदाराने तो अर्ज दोनदा वाचून परत केला. ‘हे तुमचं घरगुती आहे,’ म्हणाला.

या प्रश्नावर कायदा करण्याचा विचार मात्र जुना आहे, आणि तो आमच्याच मातीत पुन्हा पुन्हा येऊन गेलेला आहे. मुंबई इलाख्यात दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने बहिष्काराची नोंद स्वच्छ शब्दांत केली आहे. सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला म्हणून बहिष्कार, जमीन विकत घेतली म्हणून, चांगले कपडे-दागिने घातले म्हणून, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली म्हणून. वाट अडवायची, वाण्याने माल विकायचा नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या फायलीतलीच पानं वाचल्यासारखं वाटलं. पुढे १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची तरतूद सुचवली आणि तिची भाषा बर्मातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली. ज्या चवदार तळ्यावर १९२७ साली त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, ते आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मुंबई राज्याने १९४९ साली एक कायदा केलाही. धर्मातून किंवा समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरवला. संप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क घटनेने दिला आहे, त्यात हा कायदा ढवळाढवळ करतो, असं बहुमताचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवलं. तो निकाल बरोबर की चूक, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२३ साली तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. पण मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत आपल्याच जातीतून वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातात महाराष्ट्रात काहीच नव्हतं, एवढं खरं.

२०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच खून केला, आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव होता हे पुढे आलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यानंतर ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ सुरू केलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं अधिवेशनामागून अधिवेशनं रखडला होता, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला. एका कायद्यासाठी एवढी किंमत मोजावी लागते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे बहिष्काराचा मसुदा हाती आला तेव्हा तो नीट वाचणं हे आमचं कर्तव्यच होतं.

मसुदा वाचण्याची बैठक म्हणजे कुणाच्या तरी ओटीवर सात-आठ माणसं. वाळीत टाकलेली दोन-तीन कुटुंबं, एखादा बाहेरगावचा पाहुणा, आणि आम्ही. कायद्याची भाषा जड. ‘कोणतीही व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट’ असं सुरू झालं की म्हातारी माणसं पंख्याकडे बघू लागत. म्हणून मी पद्धत बदलली. आधी त्यांना विचारायचं, तुमच्याबाबत काय काय झालं ते एकेक सांगा. मग ते मसुद्यात कुठे बसतं ते शोधायचं आणि पेन्सिलीने खूण करायची.

एका वाडीतल्या काकू अजून आठवतात. मुलाने देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरून कोर्टात दावा लावलेला. त्या बोटांवर मोजत सांगत होत्या. ‘भातगिरणीवाला म्हणतो लाइट नाय. आमचं पोतं गेलं की लाइट नाय, दुसऱ्याचं आलं की लाइट येते.’ मी व्यवहार तोडण्याच्या तरतुदीपुढे खूण केली. ‘शिमग्याला पालखी आमच्या दारावरनं सरळ फुडं गेली. मी निरांजन घेऊन उभी.’ धार्मिक प्रथेत सहभाग नाकारणं. खूण. ‘सासऱ्यांच्या मयताला गावातला एक माणूस खांद्याला आला नाय. पोरांनी माणगावहून पाहुणे आणले, तवर रात्र.’ अंत्यविधी. खूण. ‘सुनेला कळा लागल्या, रिक्षावाला गावातलाच. त्यानं दार उघडलं नाय.’ वैद्यकीय सेवेपर्यंत पोचू न देणं. तिथे खूण करताना माझा हात थांबला, कारण सून तिथेच बाळाला घेऊन बसलेली होती. आशाताई मागल्या दाराने येऊन तपासून जात, असं तीच म्हणाली. आशाताईही त्याच गावची सून. तिच्याही घराला दंड झाला असता.

मग काकू म्हणाल्या, ‘विहिरीवर मला कुणी नाय म्हणत नाय हां. मी गेले की त्या कळश्या उचलतात नि निघून जातात. हे कशात बसतं?’

मी मसुदा पुढून मागून चाळला. सामाजिक संबंध तोडण्याची तरतूद होती. पण बायका विहिरीवरून घरी जातात, याला गुन्हा कसा म्हणणार? कुणी कुणाशी बोलावं ही सक्ती कायदा करू शकत नाही, आणि करूही नये. उद्या दोन जावा भांडल्या आणि बोलेनाशा झाल्या तर पोलीस येणार का? मी काकूंना तेच सांगितलं. त्यांना पटलं नाही. ‘त्या मनानं जात नाय ना. त्यांना जायला लावलंय,’ म्हणाल्या.

त्या वाक्यात सगळं होतं. आम्ही पाठवलेल्या सूचनांचा गाभा त्यावरच उभा राहिला. गुन्हा न बोलण्यात नाही, न बोलायला लावण्यात आहे. म्हणून पुरावा विहिरीवर शोधायचा नाही. तो शोधायचा बैठकीत, जिथे हे ठरलं तिथे. बैठक कुणी बोलावली, कोण हजर होतं, ठराव कुणी मांडला, दवंडी कुणी दिली, दंड किती, कुणी भरला, कुणाच्या वहीत नोंद झाली. आम्ही लिहिलं की तपासात गावकीच्या वह्या, पावत्या आणि वर्गणीच्या याद्या ताब्यात घेण्यावर भर हवा. बैठक होण्याआधीच ती थांबवता यावी. आणि पंचायत नोंदलेली असो वा नसो, व्याख्येत ती यायलाच हवी, कारण काही गावांत ग्रामस्थ मंडळाला धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक असतो तर काही ठिकाणी देवळातल्या घंटेखेरीज काहीच नसतं. पुढे झालेल्या कायद्यात नोंदणी असो वा नसो, कोणत्याही समाजातल्या लोकांनी बनवलेली अशी मंडळं धरली गेली, आणि बहिष्कार टाकण्यासाठी जमाव जमणार असल्याचं कळल्यास तो रोखण्याचा अधिकारही आला. हे आमच्या पत्रामुळे झालं असा दावा मी करणार नाही. अनेकांनी हेच मांडलं असणार. पण त्या खुणा केलेल्या प्रती मी अजून ठेवल्या आहेत.

मुंबई मंडळाचा मुद्दा मात्र आम्हाला आमच्याच भागातून सुचला. आमच्या गावांची निम्मी माणसं मुंबईत. लालबाग, परळ, आता नालासोपारा, दिवा, बदलापूर. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं. उत्सवाचा पैसा तिकडूनच येतो, म्हणून शब्दही तिकडचाच चालतो. कित्येक बहिष्कारांचे निर्णय मुंबईतल्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारी झालेले असत आणि सोमवारी सकाळी गावात गिरणीची लाइट जात असे. मग तक्रार कुठे द्यायची? गावच्या ठाण्यात सांगितलं तर ‘बैठक मुंबईला झाली’. मुंबईला जायचं तर कुणाच्या हद्दीत? चिथावणी देणाऱ्यालाही बहिष्कार टाकणाऱ्याइतकीच शिक्षा हवी, असं आम्ही लिहिलं ते यासाठी. गावातला पंच पुष्कळदा निरोप्या असतो. निरोप पाठवणारा तीन-चार तास लांब बसलेला असतो.

शिक्षा किती असावी यावर बैठकांमध्ये सगळ्यात जास्त आवाज चढे. आमच्या चळवळीतल्या पुष्कळ सोबत्यांना वाटे की गुन्हा अजामीनपात्र हवा, शिक्षा सात-दहा वर्षांची हवी, नाहीतर कुणी भीणार नाही. मी सुरुवातीपासून याच्या विरोधात होते आणि आजही आहे. कारण साक्षीदार कोण असणार? भावकीतलाच कुणीतरी. ज्याने बैठकीत हात वर केला होता पण ज्याला रात्री झोप लागत नाही, असा माणूस. आपल्या साक्षीने सख्खा चुलता महिनाभर तुरुंगात बसणार आहे असं कळलं तर तो तोंड उघडणार नाही. त्याला एवढंच हवं असतं की पंचाला कोर्टाची पायरी चढावी लागावी, सगळ्या गावासमोर त्याचं नाव यावं, आणि दंडाचे पैसे परत मिळावेत. जो कायदा झाला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र ठरला. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. दखलपात्र असणं हे सगळ्यात महत्त्वाचं. हवालदाराच्या पुस्तकात अखेर कलम आलं.

१३ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. बातमी आली आणि आमचा फोन दिवसभर वाजत राहिला. पण विधेयक मंजूर होणं आणि कायदा लागू होणं यांत राष्ट्रपतींच्या संमतीचा टप्पा होता. ती मिळेपर्यंत २०१७ चा जून उजाडला आणि कायदा जुलैमध्ये अमलात आला. मधल्या वर्षभरात लोक पेपराचं कात्रण घेऊन ठाण्यात जात आणि परत येत. ‘ताई, टीव्हीवर दाखवलं ना?’ मी समजावत असे की विधानसभेत पास झालं, पण दिल्लीहून सही यायची आहे. एक आजोबा मला म्हणाले, ‘सही यायच्या आत मी गेलो तर खांद्याला कोण?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुढच्या पावसाळ्यात ते गेले. खांद्याला आम्ही संस्थेतले होतो, शेजारच्या गावातली दोन मुलं होती आणि त्यांचा जावई होता.

कायदा आल्यावर काय बदललं, असं मला पुष्कळदा विचारतात. किती जणांना शिक्षा झाली हा पत्रकारांचा पहिला प्रश्न. मी त्यांना किराणा दुकानदाराची गोष्ट सांगते.

कायदा लागू झाल्यानंतर आम्ही एका गावातल्या पंचांना वकिलामार्फत नोटीस पाठवली. आठवडाभरात त्या गावचा दुकानदार ऑफिसात आला. मला वाटलं भांडायला आला. तो बराच वेळ पाणी पीत बसला. मग म्हणाला, ‘ताई, मला त्या कायद्याचा एक कागद मिळेल का? मराठीतला. मोठ्या अक्षरात.’ कशाला, म्हटलं. ‘दुकानात लावतो. गल्ल्याच्या वर. कुणी विचारलं त्यांना साखर का दिलीस, तर कागदावर बोट ठेवीन. माझ्या मनात काय नाय, सरकारचा नियम आहे म्हणेन.’ त्या घराची उधारी त्याच्या वहीत अजून तशीच होती. त्याने ती मागितली नव्हती आणि खोडलीही नव्हती. त्याला माल विकायचा होता. पण विकायला कारण हवं होतं.

मी तो कागद करून दिला. कलमं कमी, शिक्षेची ओळ ठळक. त्याने लॅमिनेशन करून लावला. दोन-तीन दिवसांनी त्या घरातली मुलगी तेलाची पिशवी घेऊन आली. मग गिरणीवाल्याने तसाच कागद मागितला. रिक्षावाल्याने मागितला, पण लहान, समोरच्या काचेला चिकटवता येईल असा.

गावातले सगळे क्रूर नसतात, हे मी इतक्या वर्षांत पक्कं शिकले आहे. बैठकीत बोलणारे पाच-सात, गप्प बसणारे साठ. त्या साठांतल्या बहुतेकांना बहिष्कार नको असतो. पण पहिला कोण बोलणार? जो बोलेल त्याची पुढची पाळी. कायद्याने या साठ जणांना मागे हटायला वाट दिली. ‘मी गावाविरुद्ध नाही, पण केस होईल ना,’ असं म्हणायची सोय दिली. शिक्षेच्या आकड्यापेक्षा ही सोय मोठी आहे. म्हणून विधेयकाचा मसुदा पुढे येतो तेव्हा त्यातल्या शिक्षेवर बातम्या होतात याचं मला दरवेळी दुःख होतं. शिक्षा आरोपीसाठी असते. शेजाऱ्यासाठी काय आहे, ते कुणी विचारत नाही.

कायद्यात तडजोडीची तरतूद आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर गुन्हा मिटवता येतो. यावरही टीका झाली. माझं मत असं की तडजोड हवी, कारण शेवटी त्या कुटुंबाला त्याच वाडीत राहायचं आहे. पण ती कशी होते यावर सगळं अवलंबून. तीच बैठक, तेच देऊळ, तेच पंच, आणि कुटुंबाने पुन्हा नारळ ठेवून ‘झालं गेलं विसरलो’ म्हणायचं, ही तडजोड नव्हे. तो दुसरा दंड आहे. आम्ही काही गोष्टींवर अडून बसतो. घेतलेले पैसे परत. ज्या जागी बहिष्कार जाहीर झाला त्याच जागी, तितक्याच लोकांसमोर, तो चुकीचा होता असं जाहीर करायचं. आणि संमती घेताना घरातल्या बायकांना वेगळं विचारायचं. पुरुष लवकर थकतात, कोर्टाच्या तारखांना कामाचे खाडे होतात, ते हो म्हणून टाकतात. पण विहिरीवर, हळदीकुंकवाला, बाळंतपणाला जे सोसायचं असतं ते बायकांना. एका प्रकरणात घरातली धाकटी सून न्यायाधीशांसमोर म्हणाली की मला अजून कुणी कुंकू लावत नाही, मी सही करणार नाही. तारीख पुढे ढकलली गेली. पुढच्या तारखेच्या आत गावातल्या चार बायका तिच्या दारात येऊन गेल्या.

दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, असं कायदा सांगतो. आम्ही हाताळलेलं एक प्रकरण त्याहून कितीतरी जास्त चाललं, आणि तेवढ्यात फिर्यादीचा एक साक्षीदार फिरला. कायद्याने नेमायच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिकाऱ्याबद्दल आम्ही मसुद्याच्या वेळीच विचारलं होतं. तो कुठे बसेल, त्याच्याकडे गाडी असेल का, वाडीपर्यंत तो येईल का. आजही नवी तक्रार आली की योग्य टेबल शोधण्यात माझे दिवस जातात. या कामाला वेगळा माणूस, वेगळा फोन नंबर आणि तालुक्याला निदान एक ठराविक वार हवा. त्याला मोठा खर्च नाही.

अलीकडे बैठका कमी होतात. ठराव आता फोनवर होतो. गावाच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला एक संदेश येतो, ‘अमुक यांच्या कार्याला कोणी जाऊ नये, गेल्यास मंडळ जबाबदार नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. मुंबईची, गावची, सगळी एकाच ठिकाणी. आमच्या दृष्टीने हा पूर्वी कधीच न मिळालेला पुरावा आहे. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणी मान डोलावली, हद्दीचा प्रश्नही नाही. फक्त तो टिकवता आला पाहिजे. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्यात होतं तसं नव्या साक्ष अधिनियमातही. म्हणून आता माझ्या कामाची सुरुवात अर्जाने होत नाही. कुटुंबाचा फोन आला की मी आधी सांगते, ग्रुपमधून बाहेर पडू नका, काही पुसू नका, फोन विकू नका, आणि तुम्हाला ग्रुपमधून काढलंच असेल तर आत उरलेल्यांपैकी तुमच्या बाजूचा कोण आहे ते आठवा. बहुतेक वेळा कुणीतरी असतंच.